दर एकरीं माणसें किती?

दादर-माटुंग्याच्या कोणा जुन्या रहिवाशास "आपल्या भागांतील वस्ती वाढली कीं घटली?" असें विचारून पाहावें. प्रश्न ऐकून तो आपल्याकडे कांहींशा कीवेनेंच पाहील. जेथें तीन मजली घर होतें तेथें आज वीस-पंचवीस मजले उभे आहेत, रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागलेल्या आहेत, आणि सायंकाळीं दादर स्टेशनचा पूल ओलांडावयाचा म्हणजे अंगांतला सदरा शाबूत राहील कीं नाहीं याची शंका. अशा माणसास "वस्ती वाढलेली नाहीं" असें सांगणें धाडसाचेंच म्हटलें पाहिजे. परंतु शिरगणतीचे आंकडे नेमकें हेंच धाडस करितात. माटुंगा, शीव, वडाळा हा भाग ज्या एफ-उत्तर वॉर्डांत मोडतो, तेथें २००१ सालीं ५,२४,३९३ माणसें होतीं. २०११ सालीं ५,२९,०३४ झालीं. दहा वर्षांत शेंकडा एकही वाढ नाहीं. शेजारच्या जी-उत्तर वॉर्डांत, म्हणजे दादर, माहीम आणि धारावी मिळून, ५,८२,००७ चे ५,९९,०३९ झाले. शेंकडा तीनच्या आंत. आणि कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचें सारें मुंबई बेट घेतलें, तर त्याच दहा वर्षांत तेथील वस्ती ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. अडीच लाख माणसें कमी!

तेव्हां एक तर रहिवाशाचे डोळे खोटे, नाहीं तर सरकारचा हिशेब खोटा, असा निष्कर्ष कोणीही काढील. माझें म्हणणें असें आहे कीं दोघेही खरें बोलत आहेत. घोटाळा होतो तो "दाटी" या एका शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतों म्हणून. एका एकरावर माणसें किती, एका एकरावर बांधकाम किती, आणि एका खोलींत माणसें किती, हीं तीन मापें निराळीं आहेत. तीं एकमेकांच्या उलट दिशेनें सुद्धां जाऊं शकतात. दादर-माटुंग्याच्या सव्वाशें वर्षांच्या इतिहासांत तीं तशीं गेलेलीं आहेत. हा नुसता शब्दांचा वाद नव्हे. कोणती शाळा चालू ठेवावी, कोणत्या गल्लीखालीं किती व्यासाचा नळ घालावा, कोणत्या घरावर किती मजले चढूं द्यावे, हे निर्णय या मापांवरच व्हावयाचे असतात. आणि माप चुकलें कीं निर्णयही चुकतो.

हें उपनगर जन्मास आलें तें मुळीं दाटीच्या भयापोटीं. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचा रोगी ओळखला, आणि पुढच्या कांहीं महिन्यांत अर्धी मुंबई गांवीं पळाली. १८९१ च्या शिरगणतींत ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्यें ७,७६,००६ भरली. मुंबईसारखें वाढतें शहर दहा वर्षांत आकसावें यावरूनच त्या साथीचा तडाखा लक्षांत येतो. त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत अशी कीं रोगाचें मूळ कोंदट, अंधाऱ्या घरांत आहे. प्लेग उंदरांवरील पिसवा पसरवितात हें अद्याप सर्वमान्य व्हावयाचें होतें. निदान अर्धवट होतें, परंतु त्यांतून निघालेली संस्था टिकली. १८९८ च्या कायद्यानें "सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट" स्थापन झाला. त्यानें एका हातानें जुन्या शहरांत पाडापाड करून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि दुसऱ्या हातानें बेटाच्या उत्तर टोकाकडील दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील शेतें, वाड्या व खाजणें ताब्यांत घेऊन नव्या वस्तीची आंखणी केली. पाडलेल्या घरांतील गरीब कांहीं या नव्या वस्तींत आले नाहींत. ते आसपासच्याच चाळींत आणखी दाटीनें शिरले. ही गोष्ट ट्रस्टच्या कारकीर्दींतच लोकांच्या लक्षांत आली होती, आणि त्याबद्दल त्याजवर टीकाही पुष्कळ झाली.

नव्या आंखणींतील एक नियम मात्र मला फार सुरेख वाटतो. तो म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनीं तो पुढें मांडला. खोलींत उजेड व वारा यावयाचा तर समोरची भिंत किती उंच चालेल? ऑर यांचें उत्तर असें, कीं खिडकीच्या पायथ्यापासून समोरच्या भिंतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक मोठा कोन करतां कामा नये. ज्यांना त्रिकोणमिति आठवत असेल त्यांना सांगावयास नको कीं या कोनाची स्पर्शज्या जवळजवळ बरोबर दोन येते. अर्थात् दोन घरांमध्यें दहा फूट मोकळी जागा असेल, तर समोरची भिंत वीस फुटांपर्यंतच चढवावी. उंच बांधावयाचें असेल तर मागें सरावें. किती माणसें राहावीं याविषयीं या नियमांत अक्षरही नाहीं. भिंतींची उंची त्यानें बांधून टाकली. भिंतींच्या आंत काय व्हावें हें त्याच्या हातीं नव्हतें.

आरंभीं तर या जमिनी घ्यावयास गिऱ्हाईकच मिळेना. गांवाबाहेर, डांसांच्या मुलखांत, कचेरीपासून इतक्या दूर कोण राहणार? ट्रस्टमधील अभियंते मंचरजी एदलजी जोशी यांनीं मध्यम स्थितींतील पारशी कुटुंबांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले आणि दादरची पारशी कॉलनी वसविली. तिच्या शेजारीं हिंदु कॉलनी उभी राहिली, आणि पुढें माटुंग्याच्या बाजूस दक्षिणेकडून आलेल्या कारकून-हिशेबनीसांनीं घरें केलीं. खरा वेग आला तो आगगाडी विजेवर चालूं लागल्यावर. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धांवली, आणि १९२८ मध्यें पश्चिमेकडील मार्गावरही वीज आली. दादरला दोन्ही मार्ग एकत्र भेटतात. त्यामुळें जी जागा दूरची होती ती एकाएकीं सोयीची झाली. पश्चिमेस माहीमच्या बाजूला सुमारें २८ एकरांचें मैदान राखलें गेलें. त्याला १९२७ पासून शिवाजी पार्क म्हणूं लागले. १९२३ मध्यें व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट माटुंग्यास आली, १९३७ सालीं रुइया व खालसा हीं कॉलेजें निघालीं. वस्तीबरोबर शाळा-कॉलेजें आलीं, आणि शाळा-कॉलेजांसाठीं आणखी वस्ती आली.

या वस्तीनें मराठी भाषेला एक शब्दही दिला आहे, तो म्हणजे "ब्लॉक". चाळींत एक खोली, पुढें सामाईक गॅलरी आणि टोकाला सामाईक संडास. ब्लॉकांत दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि संडास हें सारें एकाच दाराच्या आंत. आज आपल्याला यांत नवल वाटत नाहीं. पण संडास घराच्या आंत, तोही स्वयंपाकघरापासून चार पावलांवर, ही कल्पना पचनीं पडावयास त्या काळच्या सोवळ्याओवळ्याच्या घरांना बराच वेळ लागला असला पाहिजे. ती पचली, आणि हळूहळू मध्यम वर्गाचें घर म्हणजे ब्लॉक असें समीकरण होऊन बसलें.

आतां गंमत पाहा. ट्रस्टनें ब्लॉक बांधविले ते पांच-सहा माणसांच्या सुटसुटीत कुटुंबासाठीं. परंतु ब्लॉकाचें भाडें एका कारकुनाच्या पगाराला झेपणारें नसे. तेव्हां कोणी एक खोली पोटभाडेकऱ्यास दिली, कोणी गांवाकडचे दोन भाचे शिक्षणासाठीं ठेवून घेतले, कोणी चार नोकरदार तरुणांना गॅलरींत पथाऱ्या टाकूं दिल्या. मुंबईंत त्या काळीं हजार पुरुषांमागें स्त्रिया सहाशेंच्या आंतबाहेर होत्या, इतकें म्हटलें म्हणजे एकट्या पुरुषांची संख्या ध्यानांत येईल. त्यांच्या जेवणासाठीं खानावळी व बोर्डिंगें निघालीं. माटुंग्याचें रामा नायक यांचें उडुपी बोर्डिंग १९४२ मधलें आहे, आणि तेथें अजूनही केळीच्या पानावर जेवतां येतें. बाहेरून पाहावें तर तीच तीन मजली घरें, तोच साडेत्रेसष्ट अंशांचा उजेड. आंतून मात्र प्रत्येक बिऱ्हाड फुगत चाललें होतें. महायुद्ध आलें, बांधकाम थांबलें, माणसें येतच राहिलीं. १९४७ मध्यें फाळणी झाली. पंजाबांतून व सिंधमधून निर्वासितांचे लोंढे आले, आणि शीव-कोळीवाड्यास त्यांची छावणी पडली. बेटाची वस्ती १९४१ मध्यें १४,८९,८८३ होती, ती १९५१ मध्यें २३,२९,०२० झाली. दहा वर्षांत साडेआठ लाखांच्या जवळ भर पडली, आणि ती बव्हंशीं होत्या त्याच घरांत सामावली गेली. माझ्या मतें दादर-माटुंग्याची खरी दाटी हीच. पण ती भिंतींच्या आंत असल्यामुळें रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसत नसे.

त्याच १९४७ सालीं भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. भाडीं सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठलीं. टंचाईच्या दिवसांत भाडेकऱ्याला रस्त्यावर येऊं न देणें हा त्याचा हेतु होता व तो सफळही झाला. या कायद्यानें हजारों कुटुंबांना छप्पर राखून दिलें हें त्याचे टीकाकार सोयिस्कर विसरतात. पण युद्धकाळाची तात्पुरती मलमपट्टी पुढें अर्धें शतक तशीच राहिली. वर्षें लोटलीं तसें भाडें नाममात्र उरलें. मालकाला दुरुस्ती परवडेना, म्हणून घर गळूं लागलें. आणि रिकामी झालेली जागा भाड्यानें देण्यापेक्षां पागडी घेऊन देणें सोयीचें ठरलें. अखेर १९६९ मध्यें जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं सरकारला स्वतंत्र मंडळाचा कायदा करावा लागला. भाड्याचा जुना कायदा बदलून नवा आला तो १९९९ चा. तो मार्च २००० अखेर अंमलांत आला, आणि त्यानेंही जुन्या भाडेकऱ्यांचें संरक्षण बव्हंशीं कायमच ठेवलें.

याचा लोकवस्तीवर परिणाम काय झाला? म्हातारीं माणसें जागेला चिकटून राहिलीं, तरुणांना जागा मिळेना. घरांतल्या तीन मुलांपैकीं एक आईबापांपाशीं राहिला आणि दोघांनीं लग्नानंतर डोंबिवली, ठाणें, बोरिवली अशा दिशा धरल्या. १९७१ पर्यंत बेटाचें पारडें किंचित् जड होतें: बेटावर ३०,७०,३७८ आणि उपनगरांत सुमारें २९ लाख. १९८१ मध्यें उपनगरें साडेएकोणपन्नास लाखांच्या वर गेलीं, आणि २०११ मध्यें ९३,५६,९६२. त्याही पलीकडे कल्याण-डोंबिवली २०११ मध्यें साडेबारा लाखांजवळ, ठाणें अठरा लाखांच्या वर. बेट मात्र १९८१ ला ३२,८५,०४० वर पोंचून १९९१ ला ३१,७४,८८९ वर उतरलें, पुन्हां किंचित् चढलें व पुन्हां उतरलें. जें दादर एके काळीं उपनगर म्हणून वसलें, तें आतां आपणच उपनगरांना माणसें पुरवूं लागलें.

त्यांतच जन्मांचें प्रमाण घटलें. २०१९ ते २०२१ मध्यें झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी अपत्यें १.७ आहेत; लोकसंख्या जेथल्या तेथें राहावयास दोनाहून थोडीं अधिक लागतात. पारशी समाजांत ही उतरंड फार आधीं सुरू झाली; सबंध हिंदुस्थानांत २००१ मध्यें ६९,६०१ पारशी होते, ते २०११ मध्यें ५७,२६४ उरले. दादरच्या पारशी कॉलनींतील रुंद, सावलीच्या रस्त्यांवरून फिरतांना या आंकड्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं.

१९८१ सालीं मी शाळेंत शिक्षक होतों, आणि शिक्षकांच्या वांट्यास जसें येतें तसें गणनेचें काम माझ्याही वांट्यास आलें. १ मार्चचा सूर्योदय हा त्या मोजणीचा क्षण; आदल्या रात्रीं फूटपाथवर निजणाऱ्या बेघरांची मोजणी. दहा वर्षांनीं पुन्हां जवळपास त्याच जिन्यांवरून फिरण्याचा योग आला. एका घरांत एकट्या आजीबाई होत्या. मी नांव लिहून उठलों, तर त्या म्हणाल्या, "मास्तर, मुलाचेंही लिहा हो. रेशनकार्डावर तो इथेंच आहे." मुलगा बायकोमुलांसह डोंबिवलीस राहत होता. मी त्यांना समजाविलें कीं जो जेथें नेहमीं राहतो तेथेंच त्याची मोजणी व्हावयाची. त्यांना तें पटलें नाहीं. आणि आज मला वाटतें, त्यांचेंही बरोबर होतें. त्यांच्या दृष्टीनें तो मुलगा म्हणजे त्या जागेवरचा हक्क होता. कागदावरील कुटुंब आणि चुलीभोंवतालचें कुटुंब, यांची फारकत झालेली मीं तेथें प्रथम पाहिली. आपल्याकडे शिरगणतीला पूर्वीं खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, सुमारी म्हणजे मोजणी. घर मोजलें म्हणजे माणसें मोजलीं गेलीं, असें मानण्याजोगा तो काळ होता. २०११ च्या शिरगणतींत देशाच्या शहरी भागांत १ कोटी १० लाखांच्या वर घरें रिकामीं आढळलीं.

आतां भागाकाराकडे वळूं. दाटी म्हणजे अखेर एक भागाकार: वर माणसें, खालीं जमीन. वरच्या आंकड्यावर सगळ्यांचें लक्ष असतें, खालच्याकडे कोणी पाहत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत मुंबई शहर जिल्ह्याचें क्षेत्रफळ १५७ चौरस किलोमीटर धरलें आहे आणि घनता दर चौरस किलोमीटरला १९,६५२. उपनगर जिल्ह्याची घनता २०,९८०. हें वाचून कोणास वाटेल कीं उपनगरें शहराहून दाट झालीं. परंतु बेटाचें क्षेत्रफळ सामान्यतः सुमारें ६८ चौरस किलोमीटर समजतात. तेवढ्यानें भागून पाहावें: घनता ४५ हजारांवर जाते, म्हणजे एकरीं सुमारें १८४. माणसें तींच, बेट तेंच. एका छेदामुळें उत्तर दुपटीहून अधिक बदललें! वॉर्डाच्या सरासरीची हीच तऱ्हा. जी-उत्तर वॉर्डांत शिवाजी पार्क आहे आणि धारावीही आहे. एकीकडे समुद्राचा वारा आणि अठ्ठावीस एकर हिरवळ, दुसरीकडे दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरांत लाखों माणसें व त्यांचे कारखाने. या दोघांची सरासरी काढली तर ती एकाही घराला लागू पडावयाची नाहीं. एफ-उत्तर वॉर्डांतही वडाळ्याकडील रेल्वेच्या व बंदराच्या जागा छेदांत मोजल्या जातात, जेथें कोणी राहत नाहीं. सबंध वॉर्डाचा आंकडा स्थिर दिसला, म्हणून त्यांतली प्रत्येक गल्ली स्थिर असते असें मुळींच नाहीं.

आतां एकाच भूखंडाचा हिशेब करूं. हा हिशेब कल्पित आहे, पण त्यांतलीं मापें या भागांत राहिलेल्यांना ओळखीचीं वाटतील. समजा, सहाशें चौरस वारांचा, म्हणजे ५,४०० चौरस फुटांचा भूखंड आहे. त्याच्या तिसऱ्या हिश्शावर तळमजला अधिक दोन मजले असें घर आहे. म्हणजे एकंदर बांधकाम भूखंडाएवढेंच, ५,४०० चौरस फूट. मजल्यावर दोन, असे सहा ब्लॉक. १९५१ मध्यें प्रत्येकांत पोटभाडेकरू, भाचे, सासवा-सुना धरून नऊ माणसें, एकूण ५४. दर माणशीं शंभर चौरस फूट. पुढें २००१ मध्यें दोन ब्लॉकांना कुलूप, चारांत तीन-तीन माणसें, तींही बहुधा पन्नाशीच्या पुढचीं. एकूण १२, दर माणशीं साडेचारशें फूट. मग पुनर्विकास होतो. जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीस भूखंडाच्या तिप्पट बांधकाम करूं देण्याची सवलत आहे. त्याप्रमाणें १६,२०० चौरस फुटांचें उंच घर होऊन त्यांत अठरा ब्लॉक बसले आणि प्रत्येकांत तीन माणसें आलीं. बेरीज किती? पुन्हां ५४! दर माणशीं मात्र तीनशें फूट.

शेजारच्या रहिवाशाच्या आठवणींत बारा माणसांचें शांत घर आहे. त्याचीं चौपन्न झालीं तेव्हां "गर्दी साडेचार पट वाढली" हें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. पन्नास वर्षांमागें पाहणारा म्हणेल कीं एक माणूसही वाढलें नाहीं, तेंही खरें. बांधकाम मोजणारा म्हणेल कीं तिप्पट झालें, तेंही खरेंच. ही सवलत ज्या मापानें मोजतात त्याला आपल्या कायद्याच्या मराठींत चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. जमिनीवर चटई किती पसरली तें तो सांगतो. चटईवर किती जण बसले तें सांगत नाहीं. १९९१ च्या नियमांत साधारण मर्यादा बेटावर १.३३ व उपनगरांत १ अशी होती. तीमागचा समज असा कीं बांधकाम रोखलें म्हणजे माणसें रोखलीं जातात. माणसें रोखलीं गेलीं नाहींत. ज्यांना महाग ब्लॉक परवडला नाहीं त्यांच्यासाठीं झोपडी होती. आणि आज उलट बाजूनें तोच समज दिसतो, कीं बांधकाम वाढविलें म्हणजे घरें स्वस्त होऊन माणसें परत येतील. अठरा ब्लॉकांपैकीं चार कोणा गुंतवणूकदारानें कुलूप लावून ठेवले, तर चटई वाढली आणि माणसें घटलीं असेंही होऊं शकतें.

मग नळ, गटार, शाळा आणि रस्ता यांचें काय? पाणी व सांडपाणी माणसांच्या मागें जातें. चौपन्न माणसांना पूर्वीं पुरत असेल तो नळ आजच्या चौपन्नांना पुरेलच असें नाहीं, कारण मोरींतल्या एका बादलीवर भागविणारीं माणसें आणि तीन न्हाणीघरें असलेलीं माणसें सारखें पाणी वापरीत नाहींत. रस्ता मोटारींच्या मागें जातो, आणि मोटारी माणसांच्या नव्हे, ऐपतीच्या मागें जातात. १९५१ च्या चौपन्नांत बहुधा एकही मोटार नव्हती, आज अठरा ब्लॉकांना अठरा तरी आहेतच. शाळा मुलांच्या मागें जाते, आणि मुलें हींच आज या चौपन्नांत थोडीं आहेत. ज्या वर्गांत एके काळीं बाकावर तिघे बसत, तेथें पट भरेना म्हणून तुकड्या मोडल्या. आणि तीं मुलें ज्या दूरच्या गांवीं वाढलीं तेथें नव्या शाळा वेळेवर निघाल्या नाहींत. मराठी शाळांच्या ओहोटीला इंग्रजीची ओढ हें कारण आहेच. पण दादरच्या शाळेंतलीं मुलें इंग्रजी शाळेंत गेलीं त्याआधीं पुष्कळशीं डोंबिवलीस गेलेलीं होतीं, हें आपण फारसें बोलत नाहीं. मैदानाचा तर प्रश्नच निराळा. शिवाजी पार्काचे २८ एकर १९२७ मध्यें होते तेवढेच आज आहेत. सहाशें वारांच्या भूखंडावरचें घर उंच होतें, तेव्हां त्या भूखंडाच्या कडेनें असलेली, साडेत्रेसष्ट अंशांनीं राखलेली मोकळी पट्टीच बहुधा पहिल्यानें मोटारींना द्यावी लागते.

१९४८ सालीं नगर-अभियंता नानासाहेब मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनीं बृहन्मुंबईचा पहिला आराखडा केला, तेव्हां बेटावरील दाटी उपनगरांकडे वळवावी हीच त्यांची दिशा होती. १९५० मध्यें जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्यें दहिसर-मुलुंडपर्यंत नगरपालिकेची हद्द वाढली. माणसें खरोखरच तिकडे वळलीं. नोकऱ्या, इस्पितळें, कॉलेजें मात्र मागें राहिलीं, आणि म्हणून सायंकाळीं दादरच्या पुलावर सदरा चुरगळतो. तेथली गर्दी दादरला राहणाऱ्यांची थोडी आणि दादरहून गेलेल्यांची अधिक, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. खानेसुमारी रात्रीं निजणाऱ्यांची होते. दिवसा उभें राहणाऱ्यांची कोणी करीत नाहीं.

२०२१ ची शिरगणती वेळेवर होऊं शकली नाहीं; पुढील शिरगणतीचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरविण्यांत आला आहे. पहिल्या फेरींत घरांची यादी, दुसरींत माणसांची गणना असा तिचा क्रम आहे, आणि या वेळीं गणकाच्या हातीं कागदाच्या तक्त्याऐवजीं दूरध्वनियंत्र असावयाचें आहे. वॉर्डाची एक बेरीज देऊन न थांबतां, कोणत्या गल्लींत किती घरें बंद आढळलीं, कितींत एकटें म्हातारें माणूस आहे, कितींत मुलें आहेत, इतकें जरी तिनें गल्लीवार प्रसिद्ध केलें, तरी शाळेचा आणि नळाचा निर्णय आज होतो त्याहून डोळसपणें होईल. माझ्या ओळखीच्या त्या जिन्यावर आतां लिफ्ट आहे. आजीबाई राहिल्या नाहींत. त्यांच्या जागीं पुनर्विकासांत मिळालेला नवा ब्लॉक मुलाच्या नांवावर आहे, आणि मुलगा अद्याप डोंबिवलीसच राहतो. २०२७ चा गणक तेथें जाईल, घंटी वाजवील, थोडा वेळ थांबेल, आणि मग समोरच्या दाराकडे वळून विचारील कीं येथें कोण राहतें.